प्रोफे एव्हेलिओचा सरस गालिचा

माणसाच्या पाठीमागे वाईट बोलू नये, असं आमचे पाद्री सांगतात. एव्हेलिओ सान्तिसोच्या बाबतीत मला ती अडचण नाही, कारण मी हे सगळं त्याच्या तोंडावरही बोललेली आहे. आमच्या सान बार्तोलोच्या प्राथमिक शाळेत तो चित्रकला आणि हस्तकला शिकवायचा. आमच्याकडे मास्तरला प्रोफे म्हणतात आणि बाईला सेन्यो. निदान सरकारदप्तरी तशी नोंद होती. प्रत्यक्षात इतक्या वर्षांत एकाही पोराच्या बोटाला त्याच्या तासाला रंग लागला नाही. मी शेजारच्या खोलीत वर्ग घ्यायची, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. माझ्या वर्गातून बाजार भरल्यासारखा गोंगाट यायचा, आणि त्याच्या वर्गातून अधूनमधून एकच वाक्य: "हात लावायचा नाही!"

तास चित्रकलेचा, आणि म्हणे हात लावायचा नाही. पोहण्याच्या तासाला पाण्यात उतरू नका म्हणण्यातली गत.

राजधानीत कला अकादमीत दोन वर्षं काढून तो आमच्याकडे आला. पुढची वर्षं का काढली नाहीत, हे कोणी विचारलं तर म्हणायचा, "तिथल्या लोकांना माझं काम झेपलं नाही." अंगात पांढराशुभ्र शर्ट, खिशात टोकं वर केलेल्या पेन्सिली. रंगाचं काम करणाऱ्या माणसाचा शर्ट इतका पांढरा कसा राहतो, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता. उत्तर मिळायला आठवडाही लागला नाही.

त्याची पद्धत अशी. पुठ्ठ्याचा एक साचा कापून आणायचा, बहुतेक वेळा केत्साल पक्ष्याचा, कारण तो झेंड्यावर असतो आणि त्याला कोणी नाव ठेवत नाही. पोरांनी साच्याभोवती पेन्सिल फिरवायची. मग घरून आणलेले मक्याचे दाणे, काळा घेवडा, तांदूळ त्या पक्ष्यात चिकटवायचे. पण चिकटवायचे कोणी? "तुमचे हात घाणेरडे आहेत," असं म्हणून प्रोफे पुठ्ठे घरी न्यायचा आणि स्वतः एकेक दाणा लावून आणायचा. उरलेला घेवडा त्याच्याकडेच राहायचा. तो शिजत होता की कुजत होता, देव जाणे.

मातृदिनाला प्रदर्शन भरायचं. चौथीच्या भिंतीवर सगळे केत्साल एका रांगेत, सगळ्यांची शेपटी सारखी लांब, आणि सगळे डावीकडे बघणारे. तिकडून कोणीतरी दाणे टाकायला येणार असल्यासारखे. साचाच डावीकडे बघायचा, ते बिचारे काय करणार? आमच्या गावातल्या आयाही धन्य. ज्या पोराला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही, त्याची आई भिंतीपुढे डोळे पुसायची, "बघा तरी, माझ्या बाळाने किती सुबक केलंय!" बाळ बाजूला उभं राहून नाक पुसत असायचं. त्यालाही ठाऊक, आईलाही ठाऊक. मुख्याध्यापिका आर्हेलियाबाई पाहुण्यांना भिंत दाखवून सांगायच्या, "आमच्याकडे एकही मूल कच्चं नाही." खरंच नव्हतं. मूलच नव्हतं त्या भिंतीवर.

एकदा मात्र एक पक्षी उलटा बसला. त्रान्सितो खाटकाची मुलगी ओदिलिया, चौथीतली. चित्रकला तिची यथातथाच, उगाच कौतुक करणार नाही. तिने साचा पालथा घालून पेन्सिल फिरवली, त्यामुळे तिचा केत्साल उजवीकडे बघायला लागला. फळ्यांमधून मला सगळं ऐकू आलं.

"हे काय आहे?"

"केत्साल आहे, प्रोफे."

"हा चुकीच्या बाजूला बघतोय."

"तो बाकीच्यांकडे बघतोय. सगळे एकीकडेच बघायला लागले तर एकमेकांशी बोलणार कसे?"

"पक्षी बोलत नाहीत. आण इकडे. हात लावायचा नाही."

प्रदर्शनाच्या दिवशी ओदिलियाचा पक्षी डावीकडे बघत होता. तिने स्वतःच्या नावाची चिठ्ठी भिंतीवरून काढली आणि चघळून टाकली. मी पाहिलं, आणि मनात म्हटलं, शाबास.

आता एवढा खटाटोप हा माणूस कशासाठी करायचा? तर त्याला आपलं काहीतरी टिकून राहायला हवं होतं. आला त्या वर्षी त्याने बाजाराच्या भिंतीवर एक भलंमोठं चित्र काढलं होतं, ज्वालामुखी, मक्याचं शेत आणि त्यात उभी एक बाई, जिचे दोन्ही हात डावे होते. निवडणूक झाली, नवा महापौर आला, त्याच्या पक्षाच्या पोरांनी भिंतीला चुना फासला आणि वर आपलं चिन्ह, कोंबडा, काढला. एव्हेलिओ तीन दिवस शाळेत आला नाही. मला त्याची दया यायला हवी होती, पण तो परत आला आणि पहिलं वाक्य बोलला, "या गावाला कलेची लायकी नाही." झालं, माझी दया तिथेच आटली.

मग जिल्ह्याच्या कला-निरीक्षकाची जागा निघाली. जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यालय, फिरती खुर्ची, स्वतःचा शिक्का, आणि सगळ्या शाळांना पत्रकं धाडायचा अधिकार. एव्हेलिओ त्या जागेसाठी इतका झुरायला लागला की त्याचा शर्ट ढगळ झाला. नेमणूक शिक्षणखात्याच्या मोन्सोनसाहेबांच्या हातात होती. साहेबांनी कळवलं की शाळेने मुलांसोबत केलेलं एक मोठं काम ते स्वतः येऊन बघतील आणि मग ठरवतील. फोटो चालणार नाही. मागच्या खेपेला एका शाळेने दुसऱ्याच गावच्या कामाचा फोटो पाठवून त्यांना बनवलं होतं.

मोठं काम म्हणजे आमच्याकडे एकच. उपासाच्या चाळीस दिवसांतल्या एका शुक्रवारी येशूची मिरवणूक शाळेच्या फाटकावरून जाते, आणि फाटकासमोरच्या रस्त्यावर शाळेने रंगीत भुशाचा गालिचा घालायचा असतो. सुतारांकडून पोत्यांनी भुसा आणायचा, रंगवायचा, चाळणीने चाळायचा, सकाळपासून गुडघे सोलून घ्यायचे. दुपारी खांदेकरी मूर्तीचा जड लाकडी मंच, म्हणजे आंदा, खांद्यावर घेऊन डुलत येतात, आणि त्यांच्या पायांखाली सगळ्याचा दोन मिनिटांत पुन्हा भुसा होतो. मागून झाडूवाले. कोणाला वाईट वाटत नाही. तुडवलं जावं म्हणूनच तर घालायचा. आमच्याकडचं दुधाचे दात न पडलेलं पोरही हे जाणतं.

एव्हेलिओला ते कधीच पटलं नव्हतं. दरवर्षी मिरवणूक आली की तो शाळेत जाऊन हात धूत बसायचा. त्यात गुरुवारी दूरध्वनी कार्यालयातून निरोप आला: मोन्सोनसाहेबांना दुपारचं जेवण आहे, ते मिरवणूक गेल्यावर येतील.

तो माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा पिठासारखा.

"सेन्यो मिर्ता, साहेब मागाहून येणार. मागाहून येऊन बघणार काय? केराचा ढीग?"

"केर तरी तुम्ही स्वतः केलेला असेल की, प्रोफे."

"मिरवणूक एक दिवस आपल्या दारावरून गेली नाही तर?"

"विचारून बघा. आधी त्रान्सितोला विचारा, नाही म्हणाला तर पोपना पत्र टाका."

आणि तो खरंच गेला. त्रान्सितो खाटीक आमच्याकडच्या खांदेकऱ्यांचा मुकादम. तो डुकराचं कातडं तळत होता. प्रोफेचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कडेकडेने जायला येशू काय कोंबडीचोर आहे, प्रोफे? भर रस्त्याने जाणार. तुम्ही छान जाड गालिचा घाला, आमच्या पायांना बरं." आणि त्याला तळलेलं कातडं खायला दिलं. एव्हेलिओने ते पांढऱ्या रुमालात गुंडाळून नेलं.

शुक्रवारी सकाळी फाटकासमोर दोरी बांधलेली. पोरं दोरीच्या बाहेर, हाताची घडी घालून. आत फळीवर ओणवा एकटा प्रोफे. शेजारच्या घरांपुढे बाया, नवरे, पोरं, म्हातारे सगळे रंगात कोपरापर्यंत बुडालेले, भांडतायत, हसतायत, आणि आमच्या दारात जणू कोणी वारलंय. आर्हेलियाबाई मात्र फाटकात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "यंदा आमचा गालिचा सगळ्यांत सरस होणार!"

बाई काय बोलून गेल्या, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ओदिलिया माझ्याजवळ सरकली. "सेन्यो, प्रोफेंच्या भुशाला वास येतोय."

"कसला वास?"

"आमच्याकडे खुरं उकळतात ना, तसला."

मी नाक वर केलं. खरंच. खुरं, हाडं, कातडी उकळून सुतार लाकूड जोडायला जो चिकट सरस करतात, त्याचाच वास. कोपऱ्यात टोपल्याखाली एक पातेलं होतं आणि त्यातून वाफ येत होती. या शहाण्याने भुशात रंगाबरोबर सरस कालवला होता! मिरवणूक गेली तरी गालिचा दगडासारखा जागच्या जागी राहावा म्हणून. येशू येऊन जाईल, एव्हेलिओची कलाकृती राहील.

"जाऊन सांग त्यांना," मी म्हटलं.

"कसं सांगू? दोरीच्या आत बोलायचं नाही म्हणालेत."

"मग नको सांगू."

मीही गेले नाही. सल्ला विचारणाऱ्याला द्यावा. दहाबारा वर्षं ज्याने लहान पोराचं कधी ऐकलं नाही, त्याला एक दिवस पोरांनी काही सांगितलं नाही, तर बिघडलं कुठे?

दुपारपर्यंत गालिचा झाला. आता खरं सांगते, साफ होता. रेघ रेघेला धरून, आणि मधोमध केत्सालांची रांग, सगळे डावीकडे बघणारे. उन्हाने वरून वाळलाही होता. तेवढ्यात पाठीवर पाण्याचा पंप घेतलेला, मिरवणूक काढणाऱ्या बंधुमंडळाचा माणूस आला. मिरवणुकीआधी सगळ्या गालिच्यांवर पाणी शिंपडतात, भुसा उडू नये म्हणून. ही पद्धत जुनी आहे, पण प्रोफे या वेळेला हात धुवायला आत जात असल्यामुळे त्याने ती कधी पाहिलीच नव्हती.

"नको, नको!" एव्हेलिओ आडवा झाला.

"का हो, प्रोफे?"

"रंग... रंग उतरतील."

"आजवर कधी उतरले?"

"यंदा उतरतील!"

"बाजूला व्हा बघू. मागे बँड आलाय."

वाळलेला सरस पाण्याने पुन्हा चिकट होतो, हे खरं कारण सांगायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पंपाचं पाणी सबंध गालिच्यावर फवारलं गेलं आणि तो असा तकाकला की आर्हेलियाबाईंनी टाळ्या वाजवल्या.

बँडचा संथ सूर, धुपाचा धूर, जांभळ्या झग्यांतले खांदेकरी. पुढच्या रांगेत त्रान्सितो, त्याच्या मागे माझा नवरा आबेलिनो. त्रान्सितोने गालिच्यावर पाय ठेवला. दुसरा ठेवला. पहिला उचलायला गेला आणि तो उठेना. तोंड तसंच भक्तिभावाचं, डोळे मात्र खाली वळले. मागची रांग तोवर चढून आली. एकाचा बूट, मग दुसऱ्याचा, भुशातून चप् चप् असा आवाज यायला लागला. आंदा एकदा आमच्याकडे झुकला, एकदा समोरच्या औषधाच्या दुकानाकडे, आणि बायांनी येशूचं नाव घेऊन किंकाळी फोडली. आंदा रस्त्यात टेकवायचा नसतो, काही झालं तरी नसतो. त्रान्सितो दात आवळून ओरडला, "बूट सोडा! पाय काढा आणि चला!"

आणि ते चालले. बूट जागेवर, माणसं मोज्यांत. माझ्या नवऱ्याच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला सगळ्या गावाने पाहिला. त्या मोज्याबद्दल मी एव्हेलिओला मरेपर्यंत माफ करणार नाही. मागचा मारियामातेचा आंदा बायांनी शहाणपणाने पदपथावरून नेला.

मिरवणूक वळली. रस्त्यावर गालिचा जसाच्या तसा होता. त्यावर काळ्या बुटांच्या रांगा, रुतून उभ्या, सगळ्यांची टोकं डावीकडे, केत्सालांसारखीच. एव्हेलिओ भिंतीला टेकून उभा होता. मला वाटलं, आता हा रडणार.

तेवढ्यात मोन्सोनसाहेबांची जीप आली. साहेब दात कोरत उतरले, गळ्यात कॅमेरा. गालिच्यापुढे आले आणि थबकले. दातकोरणं हातातून पडलं.

"वा!" ते म्हणाले. "वा, वा! माणसं नाहीत, फक्त बूट! देव पुढे गेला, माणूस मागे उरला! किती आधुनिक! ही बुटांची कल्पना कोणाची?"

गाढवाला गुळाची चव काय. पण गाढवाच्या हातात शिक्का होता.

तोवर आंदा दुसऱ्या तुकडीच्या खांद्यावर देऊन आमची माणसं बूट न्यायला परत आली होती. जांभळे झगे, खाली भुसा चिकटलेले मोजे. ओदिलिया गालिच्याच्या कडेला वाकली आणि पुढच्या बुटाकडे बोट करून म्हणाली, "हा माझ्या बाबांचा आहे."

एव्हेलिओने तिच्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे. त्या घटकेला तो खरंही सांगू शकला असता आणि खोटंही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. एकदा वाटलं, सांगेल खरं.

"माझी," तो म्हणाला. "कल्पना माझी." आणि ओदिलियाला, "हात लावायचा नाही!"

"प्रोफे," त्रान्सितो म्हणाला, "बूट द्या."

"फोटो झाल्यावर," साहेब म्हणाले. "तुम्ही लोक जरा बाजूला व्हा बरं. सावली पडतेय."

आणि ती माणसं, खांद्यावर येशू वाहून आणलेली धडधाकट माणसं, मोज्यांवर बाजूला झाली. माझा आबेलिनोही झाला. साहेब म्हटलं की आमच्या लोकांचा कणा वितळतो. त्या दिवशी मला एव्हेलिओपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. मग त्रान्सितोने दुकानातून सुऱ्या आणल्या आणि बूट सोडवले. निम्म्या बुटांचे तळ रस्त्यावरच राहिले. नगरपालिकेचं फावडंही हरलं. पावसाळा आला तेव्हा कुठे तो सरस सुटला, आणि तोवर फाटकात कुत्री हुंगत बसायची.

एव्हेलिओला जागा मिळाली. जिल्ह्याच्या कार्यालयात तो फोटो चौकटीत लावलाय, खाली त्याचं नाव. आबेलिनोचा डावा बूट त्यात नीट ओळखू येतो. उजवा घरी आहे, त्यात मी निवडुंग लावलाय.

त्याच्या जागी दुसरा कोणी आलाच नाही. तो तास माझ्या गळ्यात पडला. मला सरळ रेघ येत नाही. मी भुसा, रंग, चाळणी सगळं मधोमध ठेवलं आणि म्हटलं, "करा काय करायचं ते, फक्त डोळ्यांत घालू नका." पोरांनी डोळ्यांतही घातलं.

पुढच्या वर्षी त्याच शुक्रवारी निरीक्षकसाहेब आमच्या शाळेच्या तपासणीला आले. जीप तीच, शर्ट तसाच पांढरा. फाटकासमोर पोरं गालिच्यात लोळत होती. केत्साल होते, म्हणजे पोरं तसं म्हणत होती. एक सुजलेल्या कोंबडीसारखा, एकाला तीन पाय, एक डोक्यावर उभा. कोणी उजवीकडे बघतोय, कोणी डावीकडे, दोघे समोरासमोर चोची लावून भांडतायत. मेळ म्हणून नाही. एव्हेलिओ बघत राहिला. त्याचा जबडा हलत होता. मग राहवलं नाही त्याला. गुडघा टेकला, आणि कोंबडीची वाकडी चोच सरळ करायला बोट पुढे केलं.

कोपरापर्यंत हिरवी झालेली ओदिलिया मान वर न करताच म्हणाली, "हात लावायचा नाही, प्रोफे."

सगळी पोरं खदखदा हसली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्याने हात मागे घेतला, तर बाहीला जांभळा डाग. तो डाग चोळत बसला आणि डाग पसरत गेला. मी त्याला पेलाभर गरम अतोल, म्हणजे मक्याची पातळ पेज, दिलं. पाहुणा होता शेवटी. ते त्याने शर्टापासून लांब धरून प्यायलं.

बँड जवळ आला. सगळ्यात पुढे त्रान्सितो होता, नव्या बुटांत. ओदिलियाच्या पक्ष्यापाशी त्याने आधी नुसतं टोक टेकवून पाहिलं, चिकटत नाही ना. नाही चिकटलं. मग पूर्ण पाय ठेवला, मागून सगळे आले, आणि भांडणारे पक्षी, तीन पायांचा, डोक्यावरचा, सगळे एक झाले. ओदिलिया हिरव्या हातांनी टाळ्या पिटत होती, "बाबा, माझा तुडवला! माझा पहिला तुडवला!"

एव्हेलिओ फाटकाकडे तोंड करून, पाठ फिरवून उभा होता. मिरवणूक जाईपर्यंत त्याने वळून पाहिलं नाही.